फिरत्या कोर्टाचा वकील: अब्राहाम लिंकन

अब्राहाम लिंकन हें नांव आपल्यांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. ओंडक्यांच्या झोंपडींत जन्मलेला एक मुलगा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष झाला, आणि त्याच्या कारकीर्दींत तेथील सुमारें चाळीस लक्ष गुलामांच्या बेड्या तुटूं लागल्या, ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. परंतु झोंपडी आणि अध्यक्षाचा वाडा यांच्यामध्यें जीं चोवीस वर्षें गेलीं, त्यांत हा मनुष्य पोटासाठीं काय करीत होता हें सांगण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. तो वकिली करीत होता; आणि तीहि एका जागीं बसून नव्हे, तर आज या गांवच्या कोर्टांत, उद्यां त्या गांवच्या कोर्टांत, अशी चिखलांतून वाट काढीत.

आमच्या लोकांस कोर्टाची ओळख करून द्यावयास नको. बांधाचा वाद, सावकाराची फिर्याद, भाऊबंदांची वांटणी, यांपैकीं एखादें प्रकरण पुष्कळ घरांत मुरत पडलेलें असतें. प्रस्तुत लेखकाकडे मंडळींतील माणसें समन्स वाचून घ्यावयास येतात, तेव्हां त्यांच्या मनांत वकिलाविषयीं भीति आणि अविश्वास हीं दोन्ही दिसतात, आणि तीं अगदींच निराधार असतात असें म्हणवत नाहीं. म्हणून एका वकिलाचें चरित्र, तो वकील होता तेवढ्या काळापुरतें, येथें थोड्या विस्तारानें देत आहें. त्यांत त्याला भूषणावह नसलेली एक हकीकत येते. ती गाळून चरित्र लिहिण्याचा प्रघात आहे; आम्हीं तो पाळलेला नाहीं.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी संस्थानांत झाला. बाप टॉमस हा शेतकरी आणि सुतार. केंटकींत त्या वेळीं जमिनीची मोजणी नीट झालेली नव्हती. एकाच शेतावर दोघातिघांचे दाखले निघत, आणि ज्याच्या पदरीं चांगला वकील त्याचें शेत, असा प्रकार चाले. टॉमसनें विकत घेतलेल्या जमिनी अशाच वादांत सांपडल्या. शेवटीं १८१६ सालीं तो बायकामुलें घेऊन इंडियाना संस्थानांतील अरण्यांत राहावयास गेला. केंटकींत गुलामगिरी होती आणि इंडियानांत नव्हती, हेंहि त्या स्थलांतराचें एक कारण होतें; पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काचा घोटाळा हेंच, असें पुढें मुलानें स्वतः लिहून ठेविलें आहे. कागदांतील दोषामुळें घर सोडावें लागणें म्हणजे काय, हें त्या मुलानें सातव्या वर्षींच पाहिलें.

इंडियानांत दोन वर्षांच्या आंत आई नॅन्सी वारली. त्या रानांत उगवणारी एक विषारी वनस्पति गाईंनीं खाल्ली म्हणजे त्यांच्या दुधानें माणसें मरत. ती त्याच रोगानें गेली. पुढच्या वर्षीं बापानें दुसरें लग्न केलें. सावत्र आई सेरा हिनें या पोरक्या मुलास पोटच्या मुलासारखें वाढविलें व त्याच्या वाचनाच्या आड कधीं आली नाहीं. शाळेचे सगळे दिवस मोजले तर त्याला पुरें एक वर्षहि शाळा मिळाली नाहीं. बाकीचा वेळ कुऱ्हाड आणि नांगर यांच्याशीं गांठ.

१८३१ सालीं, बाविसाव्या वर्षीं, तो इलिनॉय संस्थानांतील न्यू सेलम या लहानशा खेड्यांत एकटाच राहूं लागला. तेथें बेरी नांवाच्या एका इसमाबरोबर त्यानें भागींत दुकान घातलें. भांडवल उधारीचें. दुकान बुडालें, भागीदार दारूच्या आहारीं गेला असें सांगतात, आणि १८३५ सालीं तो मरणहि पावला. सुमारें अकराशें डॉलरांचें कर्ज उरलें. त्या भागांत अशा वेळीं रातोरात गांव सोडून जाण्याची चाल होती आणि कोणी त्याबद्दल फार नांवें ठेवीत नसे. लिंकन गेला नाहीं. स्वतःचा वांटा आणि मेलेल्या भागीदाराचा वांटा, दोन्ही त्यानें आपल्या अंगावर घेतले. पोटासाठीं तो पोस्टमास्तर झाला, जमिनीची मोजणी शिकला. तर एका सावकारानें हुकूमनामा करून त्याचीं मोजणीचीं उपकरणेंच लिलावांत काढलीं. एका शेजाऱ्यानें तीं विकत घेऊन त्याचीं त्याला परत दिलीं. सगळें कर्ज फिटावयास पुष्कळ वर्षें लागलीं. त्याला लोक प्रामाणिक एब म्हणूं लागले, त्याचें मूळ या बुडीत दुकानांत आहे.

कायद्याकडे त्याला ओढलें तें जॉन स्टुअर्ट नांवाच्या एका वकिलानें. १८३४ सालीं दोघेहि संस्थानच्या कायदेमंडळावर निवडून आले. स्टुअर्टनें त्याला आपलीं पुस्तकें वाचावयास देऊं केलीं. स्टुअर्ट स्प्रिंगफील्ड येथें राही, न्यू सेलमपासून सुमारें वीस मैलांवर. लिंकन तेथें जाऊन एकेक पुस्तक आणी, वाची, परत करी आणि दुसरें आणी. शिकविणारा कोणी नव्हता. इंग्लंडांतील ब्लॅकस्टन याचा कायद्यावरील मोठा ग्रंथ त्यानें असाच एकट्यानें पचविला. ९ सप्टेंबर १८३६ रोजीं त्याला वकिलीची सनद मिळाली. पुढच्या एप्रिलांत उसन्या घोड्यावर बसून तो स्प्रिंगफील्डांत आला, तेव्हां त्याचा सारा संसार खोगिराच्या दोन पिशव्यांत मावत होता. पलंग व अंथरूण घेण्यास सतरा डॉलर लागत होते, तेवढेहि त्याच्याजवळ नव्हते. म्हणून जोशुआ स्पीड या दुकानदारानें त्याला आपल्याच खोलींत जागा दिली.

त्याचे भागीदार तीन झाले. पहिला स्टुअर्ट, परंतु त्याचें लक्ष राजकारणांत. १८४१ पासून स्टीफन लोगन. हा शिस्तीचा माणूस, आणि कागद नीट लिहावा, प्रतिपक्षाची बाजू आधीं अभ्यासावी, हें लिंकन त्याच्याकडे शिकला. १८४४ पासून विल्यम हर्नडन, वयानें नऊ वर्षांहून अधिक लहान. नवख्या हर्नडनला लिंकननें पहिल्या दिवसापासून फीचा निम्मा वांटा दिला. त्यांच्या कचेरींतील अव्यवस्था मात्र सांगूं नये अशी होती. महत्त्वाचे कागद लिंकन आपल्या उंच टोपींत ठेवी. आणि एका गठ्ठ्यावर त्यानें लिहून ठेविलें होतें कीं जो कागद दुसरीकडे कोठें सांपडणार नाहीं तो यांत शोधावा.

आतां त्याचें काम कोठें कोठें चाले तें पाहूं. अमेरिकेंत प्रत्येक संस्थानचे कायदे निराळे, कोर्टें निराळीं; आणि सर्व संस्थानांच्या वर मध्यवर्ती सरकारचीं कोर्टें आणखी निराळीं. खेड्यांत किरकोळ दावे ऐकणारा न्यायाधिकारी असे. त्याच्या वर कौंटीचें कोर्ट. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा विभाग समजावा. त्यावर अपील स्प्रिंगफील्ड येथील संस्थानच्या वरिष्ठ कोर्टांत. मध्यवर्ती सरकारचीं कोर्टें स्प्रिंगफील्ड व शिकागो येथें, आणि सर्वांच्या शिरावर वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालय. या सगळ्या पायऱ्यांवर लिंकन उभा राहिलेला आहे. संशोधकांनीं जुनीं दफ्तरें चाळून त्याचीं पांच हजारांहून अधिक प्रकरणें शोधून काढलीं आहेत; त्यांत तीनशेंहून अधिक संस्थानच्या वरिष्ठ कोर्टांतील. सर्वांत मोठा भाग साध्या कर्जवसुलीच्या दाव्यांचा.

परंतु त्याचें मन रमे तें कौंटीकौंटीच्या फिरत्या कोर्टांत. इलिनॉयच्या आठव्या न्यायविभागांत एके काळीं चौदा कौंट्या होत्या. न्यायाधीश एकच. तो वर्षांतून दोनदां, वसंतांत आणि शरदांत, कौंटीमागून कौंटी फिरत जाई, आणि त्याच्यामागें वकिलांचा तांडा. सगळी फेरी केली तर चारशें मैलांहून अधिक पल्ला पडे. नद्यांवर पूल नाहींत, गवताळ माळांवर रस्ता नाहीं, पाऊस पडला कीं चाकें आंसापर्यंत रुतत. १८४८ पासून न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस होता. हा एवढा अगडबंब होता कीं त्याला एकट्याला एक पलंग लागे. इतर वकील एका पलंगावर दोघे निजत. जेवणाच्या लांब मेजावर न्यायाधीश, वकील, पंच, साक्षीदार आणि कधीं कधीं जामिनावर सुटलेला आरोपीहि एकत्र बसत. आपल्याकडील मोठ्या जत्रेच्या धर्मशाळेचें चित्र डोळ्यांपुढें आणावें.

गांवांत कोर्ट भरलें म्हणजे तोच लोकांचा सण. वकील घोड्यावरून उतरतो न उतरतो तोंच पक्षकार त्याला गांठीत. तेथल्या तेथें, झाडाखालीं उभ्या उभ्या, कागद वाचून दावा समजून घ्यावयाचा आणि तासाभरांत पंचांपुढें उभें राहावयाचें. फी बहुधा पांच ते वीस डॉलर. संध्याकाळीं खाणावळींत लिंकनच्या गोष्टी ऐकावयास गांव लोटे. रात्रीं सगळे घोरत असतां तो मेणबत्तीच्या उजेडांत भूमितीचें पुस्तक घेऊन पडे. सिद्ध करणें म्हणजे काय, हें नीट कळावें म्हणून त्यानें युक्लिडचे सहा भाग अशा रीतीनें पुरे केले. बहुतेक वकील एकदोन कौंट्या करून घरीं परतत. लिंकन बहुधा पुरी फेरी करी. त्यामुळें त्याची बायको मेरी हिला वर्षांतले पुष्कळ महिने लहान मुलें घेऊन एकटीनें घर चालवावें लागे. चरित्रकार त्या फेऱ्यांतील विनोद सांगतात. त्या घराबद्दल थोडें कमी बोलतात.

नवीन वकिलांसाठीं त्यानें कांहीं टिपणें लिहून ठेविलीं आहेत. त्यांत तो सांगतो कीं वकिलानें होईल तों लोकांस दाव्यापासून परावृत्त करावें, समेट घडवून आणावा. कारण जिंकणारा देखील खर्च, फी आणि वेळ यांच्या हिशेबानें पुष्कळदां हरलेलाच असतो. जुनीं दफ्तरें उकरून भांडणें पेटविणाऱ्या वकिलास तो अत्यंत हीन समजे. त्याच्या प्रकरणांपैकीं पुष्कळांचा शेवट तडजोडींत झालेला दफ्तरांत दिसतोहि.

गुलामगिरीचा प्रश्न त्याच्यापुढें कोर्टांत निराळ्या रीतीनें दोनदां आला. पहिला प्रसंग १८४१ सालचा. इलिनॉयच्या घटनेनें तेथें गुलामगिरीस मनाई होती. तरी कराराच्या नांवाखालीं कित्येक कृष्णवर्णी माणसें तेथें अडकवून ठेविलेलीं असत. नॅन्स नांवाच्या अशा एका मुलीची विक्री झाली आणि विकत घेणाऱ्या बेली नांवाच्या माणसानें पैशांबद्दल वचनचिठ्ठी लिहून दिली. मुलीनें आपण मुक्त आहों असें म्हणून चालतें व्हावयाचें ठरविलें, तेव्हां बेलीनें पैसे देण्याचें नाकारलें. विकणाऱ्याच्या वारसांनीं फिर्याद केली. बेलीच्या बाजूनें लिंकन वरिष्ठ कोर्टांत उभा राहिला. त्याचें म्हणणें साधें होतें: या भूमींत प्रत्येक मनुष्य मुक्त आहे असेंच धरावयाचें, मुक्त मनुष्याची विक्री होऊं शकत नाहीं, म्हणून चिठ्ठीच रद्द. कोर्टानें तें मान्य केलें. दावा पैशांचा होता, परंतु त्या निकालानें एक मुलगी कायद्याच्या पुस्तकांत मुक्त म्हणून नोंदली गेली.

दुसरा प्रसंग १८४७ च्या आक्टोबरांतला. केंटकींतील रॉबर्ट मॅटसन नांवाच्या जमीनदाराची इलिनॉयच्या कोल्स कौंटींत शेती होती. पेरणीच्या सुमारास तो केंटकीहून आपले गुलाम तेथें आणी आणि सुगी होतांच परत नेई. मुक्त भूमींत कायम राहिल्यानें गुलाम मुक्त झाला असें कोणी म्हणूं नये, एवढ्यासाठीं ही ये-जा. त्याचा मुकादम अँथनी ब्रायंट हा मात्र बरींच वर्षें तेथेंच राहून मुक्त झालेला होता. त्याची बायको जेन आणि चार मुलें यांनाहि मॅटसननें बराच काळ तेथेंच ठेविलें होतें. तरी तीं आपल्या मालकीचीं असेंच तो म्हणे. एके दिवशीं मॅटसनच्या घरची कारभारीण जेनवर रागावली आणि तुला व तुझ्या मुलांना दक्षिणेंत विकावयास लावीन अशी धमकी दिली. दक्षिणेंतील कापसाच्या मळ्यांवर विकलेलें माणूस पुन्हां दृष्टीस पडत नसे. ब्रायंट रात्रीच बायकामुलें घेऊन निघाला आणि अ‍ॅश्मोर हा खाणावळवाला व रदरफर्ड हा डॉक्टर यांच्या आश्रयास गेला. मॅटसननें कायद्याचा आधार काढून त्या बाईला मुलांसह तुरुंगांत टाकविलें. तीं तेथें सुमारें दीड महिना होतीं. रदरफर्डवर त्यानें अडीच हजार डॉलरांच्या नुकसानभरपाईचा दावा लाविला तो वेगळाच.

रदरफर्ड लिंकनकडे गेला. त्याची मतें त्याला माहीत होतीं. पण लिंकन संकोचून म्हणाला कीं मॅटसनच्या वकिलानें आपल्याला आधींच गुंतविलें आहे, आतां आपण मोकळे नाहीं. थोड्या वेळानें त्यानें निरोप पाठविला कीं त्या बंधनांतून सुटतां येईलसें दिसतें. परंतु रागावलेल्या डॉक्टरानें दुसरा वकील केला. ही हकीकत रदरफर्डनेंच पुढें म्हातारपणीं सांगितली. एवढें निश्चित कीं खटला उभा राहिला तेव्हां लिंकन गुलामांच्या मालकाच्या बाजूला बसलेला होता. हीं माणसें हंगामापुरतीं आणलेलीं आहेत, मालकाचा त्यांना परत नेण्याचा हेतु जाहीर आहे, म्हणून त्यांचें येथें वास्तव्य झालें नाहीं, असा मुद्दा त्यानें मांडला. तो त्यानें जोरानें मांडला असें कोणी सांगतात, भाषण नेहमींसारखें रंगलें नाहीं असें कोणी सांगतात. दोन न्यायाधीशांनीं निकाल दिला तो मात्र ब्रायंट कुटुंबाच्या बाजूनें. जेन आणि तिचीं मुलें मुक्त ठरलीं. पुढें तें कुटुंब आफ्रिकेंतील लायबेरियांत गेलें.

लिंकनच्या समर्थनार्थ असें म्हणतात कीं जो पक्षकार आधीं येईल त्याचें काम घ्यावें ही वकिलांची रीत आहे, आणि प्रत्येकाला आपली बाजू मांडणारा कोणी तरी मिळालाच पाहिजे. खुनी माणसाविषयीं हें आम्हीं मान्य करूं, कारण तेथें वकील एका माणसाचा जीव राखण्यास उभा असतो. येथें तो एका आईला व तिच्या मुलांना बाजारांत पाठविण्यास उभा होता. आणि या भूमींत प्रत्येक मनुष्य मुक्त धरावयाचा, हा सहा वर्षांपूर्वीं त्यानें स्वतः जिंकलेला मुद्दा त्याला विसरला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. कोर्टाच्या बांकावर बसलेल्या जेन ब्रायंटला त्या उंच, किडकिडीत, उदास चेहऱ्याच्या वकिलाकडे पाहून काय वाटलें असेल, याची नोंद कोणीं ठेविलेली नाहीं. पंधरा वर्षांनंतर, १ जानेवारी १८६३ रोजीं, त्याच माणसानें बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. १८६५ सालीं सर्व देशांतून गुलामगिरी घटनेनेंच नष्ट झाली. आपल्या महाराष्ट्रांत जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें गुलामगिरी हें पुस्तक याच कार्याबद्दल अमेरिकेच्या लोकांस अर्पण केलें. तें कार्य ज्याच्या हातून झालें त्याच्या वहींत कोल्स कौंटीचा हा दावाहि लिहिलेला आहे.

त्या खटल्यानंतर तो कायदेमंडळाचा सभासद म्हणून दोन वर्षें वॉशिंग्टनांत होता. १८४९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें त्यानें मुदतीच्या कायद्यावर एक प्रकरण चालविलें आणि तें हरला. परत आल्यावर राजकारण बाजूला ठेवून तो नेटानें वकिलीस लागला. याच वर्षांत आगगाडी आली, आणि पांच डॉलरांच्या वकिलाकडे मोठमोठ्या कंपन्या येऊं लागल्या. इलिनॉय सेंट्रल रेलवेवर एका कौंटीनें कर बसविला. लिंकननें आधीं आपली सेवा कौंट्यांच्या बाजूस देऊं केली होती. तिकडून कांहीं जुळलें नाहीं तेव्हां त्यानें रेलवेचें काम घेतलें आणि १८५६ सालीं तें जिंकलें. पांच हजार डॉलर फी मागितली, ती कंपनीनें दिली नाहीं; म्हणून त्यानें कंपनीवरच फिर्याद करून १८५७ सालीं तिचा हुकूमनामा मिळविला. निम्मे अर्थात् हर्नडनला दिले. त्याच वर्षीं शिकागोच्या कोर्टांत मिसिसिपी नदीवरील पहिल्या रेलवेपुलाचा खटला चालला. एक आगबोट पुलाच्या खांबावर आपटून जळाली होती आणि बोटवाल्यांना पूलच नको होता. लिंकन स्वतः पुलावर जाऊन प्रवाहाचा वेग व दिशा पाहून आला, आणि पंचांना आंकडे देऊन दाखवूं लागला कीं नदी ओलांडणाऱ्याचा हक्क नदींतून जाणाऱ्याच्या हक्काएवढाच आहे. पंचांचें एकमत झालें नाहीं, पूल राहिला.

मोठ्या शहरांतील वकील त्याला काय समजत याचा अनुभव त्याला १८५५ सालीं आला. कापणीच्या यंत्राच्या हक्कावरून मॅकॉर्मिक आणि मॅनी या दोन कारखानदारांत वाद होता. काम शिकागोस चालणार म्हणून मॅनीच्या पक्षानें लिंकनला घेतलें. त्यानें कारखान्यांत जाऊन यंत्र पाहिलें, आठवडेच्या आठवडे अभ्यास केला. मग तें काम ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं हलविण्यांत आलें, तेथें त्याच्या पक्षाचे दोन नामांकित वकील आले, आणि त्यांपैकीं एडविन स्टँटन यानें या गांवढळ, आंखूड पाटलोणीच्या माणसाबरोबर बसण्याचेंहि नाकारलें. त्याचा लिहिलेला कागद कोणीं उघडून पाहिला नाहीं. कोणीं त्याला जेवावयास बोलाविलें नाहीं. खेड्यांतून आलेल्या माणसाला शहरांतील शिकलेल्यांकडून अशी वागणूक मिळते हें आमच्या उपदेशकबंधूंपैकीं पुष्कळांस सांगावयास नको. लिंकन परत गेला नाहीं. तो सबंध आठवडा मागच्या बाजूस बसून त्या मोठ्या वकिलांचीं भाषणें ऐकत राहिला. आणि आपला अभ्यास अजून कच्चा आहे, घरीं जाऊन नव्यानें शिकलें पाहिजे, असें एका मित्रास सांगून निघाला. पाठविलेली फी त्यानें एकदां परत केली, दुसऱ्यांदा आली तेव्हां ठेवून घेतली. १८६२ सालीं, देश युद्धांत बुडत असतां, अध्यक्ष लिंकननें युद्धमंत्री नेमला तो हाच स्टँटन.

शेवटच्या दोन फौजदारी खटल्यांची हकीकत सांगून हें पुरें करतों. न्यू सेलमच्या दिवसांत जॅक आर्मस्ट्राँग नांवाच्या पहिलवानाच्या घरीं लिंकनला कित्येकदां अन्न मिळालें होतें. त्याची बायको हॅना त्याचे फाटके कपडे शिवून देई. १८५७ च्या आगस्टांत एका रानांत मोठा धार्मिक मेळा भरला असतां, मेळ्याच्या कडेस दारूच्या दुकानांजवळ रात्रीं मारामारी झाली आणि मेट्झकर नांवाचा तरुण जबर मार लागून मेला. (अशा मेळ्यांच्या कडेला अशीं दुकानें लागतात हा अनुभव अमेरिकेपुरता नाहीं.) आरोप हॅनाचा मुलगा डफ याच्यावर आला. जॅक तोंवर मेला होता. विधवा लिंकनकडे आली. खटला ७ मे १८५८ रोजीं बिअर्डस्टाउन येथें चालला. मुख्य साक्षीदार शपथेवर म्हणाला कीं रात्रीं अकराच्या सुमारास, दीडशें फुटांवरून, डोक्यावर आलेल्या चंद्राच्या उजेडांत आपण डफला प्रहार करतांना पाहिलें. लिंकननें त्याच्याकडून चंद्राची गोष्ट पुनःपुन्हां वदवून घेतली. मग त्या वर्षाचें पंचांग मागविलें आणि पंचांच्या हातीं दिलें. त्या वेळीं चंद्र डोक्यावर नव्हता; तो क्षितिजाशीं टेकत चालला होता आणि मध्यरात्रीनंतर थोड्याच मिनिटांत मावळला. भाषणांत त्यानें त्या विधवेचे उपकार सांगितले, तेव्हां त्याच्या व पंचांच्या डोळ्यांना पाणी आलें म्हणतात. डफ सुटला. फी एक पैहि घेतली नाहीं. लिंकननें खोटें पंचांग दाखविलें अशी कंडी पुढें उठली होती. परंतु ज्योतिषशास्त्रज्ञांनीं अलीकडे गणित करून पाहिलें, तें त्या पंचांगाशीं बरोबर जुळलें.

दुसरा खटला १८५९ सालचा. पीटर कार्टराइट हा मेथडिस्ट मंडळीचा फिरता उपदेशक त्या मुलखांत प्रसिद्ध होता; लिंकन जसा कोर्टामागें फिरे तसा हा सुवार्तेसाठीं घोड्यावरून फिरे. १८४६ च्या निवडणुकींत हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे होते, आणि कार्टराइटच्या बाजूच्या लोकांनीं लिंकन हा अविश्वासी आहे असा बोभाटा केला होता. लिंकन कोणत्याहि मंडळीचा सभासद कधींच झाला नाहीं, हें खरें. परंतु त्या बोभाट्यानें तो फार दुखावला होता. आतां कार्टराइटचा नातू हॅरिसन याच्या हातून भांडणांत एक तरुण मारला गेला, आणि बचावाचें काम लिंकनकडे आलें. मारला गेलेला क्रॅफ्टन हा लिंकनच्याच कचेरींत कायदा शिकलेला. लिंकननें साक्षीस बोलाविलें तें म्हाताऱ्या कार्टराइटला. क्रॅफ्टन मरणशय्येवर असतां कार्टराइट त्याच्याजवळ गेला होता, आणि आपण हें आपल्या हातानें ओढवून घेतलें, हॅरिसनला आपण क्षमा करतों, असें त्या मरणाऱ्यानें त्याला सांगितलें होतें. हा पुरावा घ्यावा कीं नाहीं याविषयीं न्यायाधीश कांकूं करूं लागला, तेव्हां नेहमीं शांत असणारा लिंकन असा खवळला कीं सगळी कचेरी थक्क झाली. पुरावा घेतला गेला. जुन्या प्रतिपक्ष्याचा नातू त्याच्या हातून सुटला.

१८६० च्या नोव्हेंबरांत तो अध्यक्ष निवडला गेला. त्या कामीं सर्वांत अधिक झटला तो फिरत्या कोर्टाचा न्यायाधीश डेव्हिस. ११ फेब्रुवारी १८६१ रोजीं लिंकननें स्प्रिंगफील्ड सोडलें. निघण्याच्या आदल्या दिवशीं तो कचेरींत आला, हर्नडनशीं जुन्या कामांविषयीं बोलला, आणि दारावरची दोघांच्या नांवांची पाटी काढूं नको असें त्याला बजावलें; जिवंत राहिलों तर परत येऊं आणि कांहीं झालेंच नाहीं असें समजून काम चालवूं, असें त्याचें म्हणणें. १४ एप्रिल १८६५ रोजीं वॉशिंग्टनच्या नाटकगृहांत त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो वारला. ४ मे रोजीं स्प्रिंगफील्डांत त्याला माती दिली.

इतरांच्या वारसांचे इतके दावे चालविलेल्या या वकिलानें स्वतःचें मृत्युपत्र मात्र केलेलें नव्हतें. मालमत्तेची व्यवस्था पाहावयास कोर्टानें डेव्हिसला नेमलें. लिंकननेंच १८६२ सालीं त्याला सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश केलें होतें. डेव्हिसनें दोन तीन वर्षें हिशेब सांभाळून सुमारें एक लक्ष दहा हजार डॉलर मेरी आणि दोन मुलगे यांना समान वांटून दिले, आणि त्या कामाचा मेहनताना घेतला नाहीं.